उंबर पिकलेला होता का?

बालकवींची 'औदुंबर' ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. तिच्यावर मराठीत जे लिहिले गेले ते एकत्र केले, तर जाडजूड ग्रंथ सहज होईल. कुणाला त्या झाडात विरक्त योगी दिसला, कुणाला मृत्यूची सावली, कुणाला संसाराकडे दुरून पाहणारा साक्षी, कुणाला कवीचेच उदास मन. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात मला या कवितेवर बोलायला सांगितले गेले. मी मराठीचा पदवीधर नाही. कचेरीत हिशेब लिहिता लिहिता जे वाचन झाले, तीच माझी शाळा. त्यामुळे भाषणाची तयारी मी जरा जास्तच केली होती. वर सांगितलेले सगळे अर्थ मी ओळीने मांडले आणि शेवटी योगी हाच अर्थ सर्वांत पटणारा कसा, हे सांगून थांबलो.

नातवाला घरी न्यायला आलेले एक वृद्ध गृहस्थ दाराजवळच्या बाकावर बसून ऐकत होते. जन्मभर त्यांनी गुरे राखली होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी हात वर केला आणि विचारले, "भाऊ, तो उंबर पिकेल व्हता का कच्चा?"

सभा हसली. मीही हसलो. "बाबा, कवितेतला उंबर आहे तो," असे काहीतरी म्हणून मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्या हसण्याची लाज मला बऱ्याच उशिरा वाटली. त्या संध्याकाळी कवितेविषयीचा सर्वांत चांगला प्रश्न त्यांनीच विचारला होता, हे मला आता कळते. निसर्ग समजण्यातला आनंद आणि निसर्गाविषयीचे साहित्य वाचण्यातला आनंद आपण वेगवेगळ्या खणांत का ठेवले, याचा विचार मी त्या प्रश्नाचा हात धरून करणार आहे.

१

उंबराविषयी मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. दुसरा प्रयोग 'उंबर फोडून केंबरं काढणे' असा आहे. झाकलेले झाकलेलेच राहू न देता मुद्दाम उकरणे, आतली घाण बाहेर काढणे, हा त्याचा अर्थ. दोन्ही मी लहानपणापासून ऐकत आलो, पण एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. ते शेजारी ठेवले की दिसते, की उंबराचे अख्खे जीवशास्त्र या दोन वाक्प्रचारांत वाटून ठेवलेले आहे.

उंबराचे फूल दिसत नाही, हे खरे आहे. ते नसते, हे मात्र खरे नाही. ज्याला आपण कच्चे फळ म्हणतो, तोच मुळात फुलांचा बंद गुच्छ असतो. मांसल भिंतीच्या पोकळ गोळ्यात आतल्या बाजूने शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. गोळ्याच्या टोकाला खवल्यांनी मिटलेले एक सूक्ष्म दार असते. ठरावीक वेळी ते दार किंचित सैल होते आणि अंगाने तिळापेक्षा लहान अशी एक गांधीलमाशीच्या कुळातली मादी त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की घुसताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. म्हणजे परतीचा रस्ता नाही. आत ती काही फुलांत अंडी घालते, दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग फुलांना देते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडली तिथे तिची पिल्ले वाढतात. बाकीच्या फुलांचे बी होते.

काही आठवड्यांनी नवी पिढी तयार होते. नर आधी बाहेर येतात. बाहेर म्हणजे फुलातून बाहेर, उंबरातून नव्हे. त्यांना पंख नसतात. माद्या आपापल्या फुलांत असतानाच ते त्यांच्याशी मीलन करतात, मग सगळे मिळून उंबराच्या भिंतीला भोक पाडतात, आणि त्यांचे आयुष्य तिथेच संपते. एव्हाना आतली नरफुले उमललेली असतात. माद्या त्यांचे पराग गोळा करून भोकातून उडून जातात आणि एखाद-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे कोवळे उंबर शोधतात. त्या गेल्यावर फळ लाल होते, गोड होते आणि पाखरांना आवतण जाते.

'उंबराचे फूल' म्हणणाऱ्याने बाहेरून पाहिले, केंबरं काढणाऱ्याने फोडून पाहिले. फूल का दिसत नाही, याचे उत्तर दुसऱ्या वाक्प्रचारात होते. दोघांची गाठ पडली नाही, एवढेच. मला तर वाटते, मराठी समीक्षेचेही थोडेफार असेच झाले आहे. आपल्या परंपरेने उंबराच्या फुलाचे गूढ जपले आणि उंबर फोडणाऱ्याला असभ्य ठरवले.

२

उंबर फोडून पाहणारा एक कवी मात्र आपल्याकडे होता. तुकारामांच्या एका प्रसिद्ध अभंगात उंबरातल्या किड्याचा दृष्टांत आहे. त्या किड्याला आपले उंबर हेच ब्रह्मांड वाटते. पण झाडावर अशी उंबरे किती, अशी झाडे किती, असे मोजत तुकोबा आपल्याला या ब्रह्मांडापलीकडे घेऊन जातात. निरूपणकार या दृष्टांताचा आध्यात्मिक अर्थ सांगतात आणि तो योग्यच आहे. पण दृष्टांत उभा राहतो तो अनुभवाच्या जोरावर. उंबरात किडे असतात, ते तिथेच जन्मतात, त्यांचे सगळे व्यवहार तिथेच चालतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो सुचणार नाही. ऐकणाऱ्यानेही ते पाहिलेले असल्याशिवाय तो पोचणार नाही. देहूच्या शेतकऱ्यापुढे तुकोबांना उंबर समजावून सांगावे लागले नसेल.

आज कीटकशास्त्र जे सांगते ते मनात ठेवून हा अभंग वाचला की दृष्टांत आणखी खोल जातो. तुकोबांचा किडा अक्षरशः खरा आहे, पण तो नर आहे. त्याचा जन्म, मीलन आणि मरण एकाच उंबरात होते. बाहेर आभाळ आहे हे त्याला कधीच कळत नाही. मात्र भिंतीला भोक पाडतो तोच. त्या भोकातून मादी जाते आणि एका ब्रह्मांडाचे पराग दुसऱ्या ब्रह्मांडात पोचवते. तुकोबांना हे ठाऊक होते असा दावा मी करत नाही. संतांच्या मुखी आधुनिक विज्ञान घालण्याची जी हौस सध्या दिसते, तिच्याशी मला कर्तव्य नाही. माझे म्हणणे इतकेच, की नेमक्या निरीक्षणातून आलेली प्रतिमा पुढच्या ज्ञानाने मोडत नाही. तिच्यात नवे ज्ञान सामावायला जागा असते. ऐकीव प्रतिमेत ती नसते.

३

आता पुन्हा 'औदुंबर'कडे. त्या गृहस्थांचा प्रश्न मनात ठेवून मी गेल्या वर्षी आमच्या गावाबाहेरच्या नाल्यावरील एका उंबरावर नोंदवही ठेवली. आठवड्यातून दोनदा जायचे, खोडावरची फळे पाहायची, चार-दोन तोडून पात्याने चिरायची आणि हातभिंगाखाली धरायची, असा क्रम होता. वर्षभरात बहर एकापेक्षा अधिक वेळा आला. कोवळ्या उंबरात मला पंख तुटलेली मेलेली मादी सापडली. तांबूस होऊ लागलेले उंबर चिरले, तेव्हा माझ्या मनगटावरून दहा-बारा इवले जीव उडून गेले. फळे पिकली, की ते झाड म्हणजे जत्रेतली धर्मशाळा होते. सकाळी बुलबुल, तांबट, मैना, साळुंक्या, तिन्हीसांजेनंतर वटवाघळे. पाण्यात पडलेल्या फळांवर मासे झेप घेतात. बुंध्याशी आंबूस गोड वास आणि मुंग्यांची रांग. झाडाखाली दोन घटका शांत बसणे अशक्य होते.

हे सगळे पाहून घरी आलो आणि कविता पुन्हा वाचली. बालकवींच्या चित्रात झरा आहे, दोन्ही काठांची हिरवळ आहे, टेकडीकडचे छोटे गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, डोह आहे, आणि डोहाच्या पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर आहे. पाखरू एकही नाही. माणूस नाही, गुरू नाही. उंबरावर फळ नाही. रंगही मोजून पाहावेत. निळा-सावळा, हिरवा, पांढरा आणि काळा. पिकलेल्या उंबराचा जो पहिला डोळ्यांत भरणारा रंग, तो लाल, कवितेत कुठेच नाही.

हे योगायोगाने झाले असेल का? बालकवी खानदेशातले. १८९० साली धरणगावला त्यांचा जन्म झाला आणि १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून, वयाची अठ्ठावीस वर्षे पुरी होण्याआधीच ते गेले. नदी-नाल्याकाठचा उंबर त्यांना परका असणे शक्य नाही. उंबराला पाण्याची ओढ असते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत उंबरही येतो. म्हणजे पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर ही कवीची कल्पना नव्हे, ती झाडाची रीत आहे. झाडाचे स्थान कवीने जसेच्या तसे घेतले आणि झाडाची वर्दळ मात्र काढून टाकली. गावातल्या सर्वांत गजबजलेल्या झाडाला त्याने एकटे केले.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. कवितेतला उंबर पिकलेला नाही, आणि तो पिकलेला नसणे हेच कवितेचे मर्म आहे. योगी, साक्षी, मृत्यू हे सगळे अर्थ ज्या निःशब्दतेवर उभे आहेत, ती निःशब्दता उंबराकडून आलेली नाही. ती कवीने फळे, पाखरे आणि लाल रंग वगळून घडवली आहे. ज्याला उंबर माहीत नाही, त्याला ही शांतता झाडाचीच वाटते, आणि कवीने काय केले ते त्याच्या नजरेतून निसटते. माझ्या भाषणात ते माझ्याही नजरेतून निसटले होते. गुरे राखणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते निसटले नाही, कारण फळांवाचून उंबर त्याला अपुरा वाटला.

४

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. झाडाचे नाव, कूळ, परागीभवन हे सगळे कळले की गूढ संपते आणि गूढ संपले की काव्य संपते, असे म्हणणारे रसिक मला अनेकदा भेटले आहेत. इंग्रजी कवी कीट्सने 'लामिया'त इंद्रधनुष्याबद्दल हीच तक्रार केली होती. तो स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतलेला होता, ही गोष्ट मात्र आपण सोयीने विसरतो.

आपल्या परंपरेत तरी ही फारकत इतकी जुनी नाही. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. तिच्यात कविसमयांची चर्चा आहे, म्हणजे प्रत्यक्षात नसले तरी कवींनी परंपरेने खरे मानायचे संकेत. त्याच ग्रंथात कुठल्या देशात काय असते आणि कुठल्या ऋतूत काय घडते, याचीही प्रकरणे आहेत. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. संकेत कुठे सुरू होतो हे कळायला वस्तुस्थिती कुठे संपते हे ठाऊक असावे लागते. चकोर चांदणे पितो असे कवीने जरूर म्हणावे, पण आपण काय करतो आहोत हे त्याला माहीत असावे.

आज उलटी स्थिती आहे. वास्तवाची ओळख गेली आणि संकेत तेवढे राहिले. पळस, पांगारा, बहावा ही नावे कवितांतून सर्रास येतात, परंतु पळस आणि पांगारा एकाच महिन्यात, एकाच रंगाने, एकसारखेच फुलतात असे वाटायला लावणारी कविता छापून येते आणि परीक्षणात तिला 'निसर्गाशी एकरूप' म्हटले जाते. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य घालवून आणि आदिवासींकडून शब्द गोळा करून मराठीला पाखरांची आणि झाडांची किती नावे दिली! ती आपण शब्दसंपत्ती म्हणून मिरवली. त्यामागची पाहण्याची शिस्त कितपत घेतली, हा प्रश्न उरतो.

५

या संदर्भात दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' पुन्हा वाचावे असे मला वाटते. १९५६ साली आलेले हे पुस्तक मराठी ललितगद्याचा मानदंड मानले जाते. 'ललित' या शिक्क्यामुळेच त्याचे एक नुकसान झाले. आपण ते भाषेसाठी वाचतो. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या, थोरोचे 'वॉल्डन' त्यांनी मराठीत आणले, नोंद घेणे हा त्यांच्या हाताचा स्वभाव होता. 'ऋतुचक्र' हे बारा महिन्यांच्या नोंदींचे पुस्तकही आहे.

चैत्रावरचा लेख पाठ्यपुस्तकातून अनेकांच्या वाचनात आला असेल. त्यात पिंपळाच्या तांबूस पालवीबरोबर घाणेरीचीही फुले आहेत. वसंतवर्णनात घाणेरी! जिच्या नावातच तिरस्कार आहे, जी कुंपणाला आणि उकिरड्यालगत वाढते, तिच्या बारीक फुलांचे मिश्र रंग दुर्गाबाई थांबून पाहतात. कविसमयात घाणेरीला जागा नव्हती. ती त्यांच्या डोळ्यांनी दिली. कारण ती चैत्रात तिथे फुललेली होती.

एकाच गुच्छात पिवळे आणि गुलाबी किंवा केशरी रंग एकत्र का दिसतात, याचे कारण वनस्पतिशास्त्राने शोधले आहे. घाणेरीचे फूल उमलते तेव्हा पिवळे असते. परागीभवन झाले की त्याचा रंग बदलू लागतो. गुच्छ कडेकडून मध्याकडे उमलत जातो, म्हणून मधली ताजी फुले पिवळी आणि कडेची वयस्क फुले गुलाबी-केशरी. मध मुख्यतः पिवळ्या फुलांत. जुनी फुले गळून न पडता गुच्छ लांबून उठावदार करतात, जवळ आलेला कीटक पिवळ्याकडे वळतो. दुर्गाबाईंनी जे रंग पाहिले ते त्या गुच्छाचे वय होते, आणि कीटकाशी चाललेला संवादही. हे कळल्यावर माझ्या रस्त्यावरची घाणेरी मला कमी सुंदर वाटली नाही. उलट आता मी कुठली फुले भेट झालेली आणि कुठली वाट पाहणारी, हे ओळखत उभा राहतो आणि घरी पोचायला उशीर होतो.

पण समजणे दर वेळी सुखाचेच असते असे नाही, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती भारतात आणली गेली आणि पाखरांनी तिच्या बिया रानोमाळ नेल्या. आज ती देशातल्या जंगलांचा फार मोठा भाग व्यापून बसली आहे. तिच्या जाळीखाली गवत आणि देशी झाडांची रोपे वर येत नाहीत. तेव्हा चैत्रातल्या त्या गुच्छाकडे पाहताना आनंदाबरोबर मनाला टोचणीही लागते. मग 'ऋतुचक्र'मधले ते वर्णन खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. ते प्रामाणिक निरीक्षण होते, म्हणूनच आज त्याच्याशी वाद घालता येतो. केवळ संकेताने आलेल्या फुलाशी कुणाला वाद घालता येईल?

वाचकाचा आनंद भाबडा राहिला नाही तरी चालेल, असे मी आता मानतो. जे आवडते त्याची पूर्ण हकीकत माहीत असणे, आणि तरी ते आवडणे, हा प्रौढ वाचकाचा आनंद आहे. माणसांच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो. झाडांच्या बाबतीत का करू नये?

६

माझी सूचना साधी आहे. निसर्गाविषयीच्या आपल्या अभिजात कवितांच्या आणि लेखांच्या सटीप आवृत्त्या निघाव्यात; शब्दार्थांबरोबर त्यांतले झाड, पाखरू, ऋतू, नदी यांच्याही टिपा त्यांत असाव्यात. टीप लिहिणाऱ्याने ते झाड निदान एक वर्ष पाहिलेले असावे. एम. ए.ला 'औदुंबर' शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांना एकदा तरी उंबराखाली न्यावे आणि कविता तिथे वाचावी. फळे असताना एकदा आणि नसताना एकदा. कवीने काय ठेवले आणि काय वगळले, हे व्याख्यानाशिवाय कळेल.

यात घाई करण्यासारखे काही आहे. मी नोंदी ठेवत होतो तो उंबर गेल्या उन्हाळ्यात पुलाच्या रुंदीकरणात गेला. माझी शेवटची नोंद अर्धवट आहे: "खोडावर नवा बहर, हरभऱ्याएवढा." पुढे तारीख आहे आणि काही नाही. 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार मराठीत पुढची शंभर वर्षे टिकेल. पण उंबर फोडून पाहिलेला माणूस उरला नाही, तर तो वाक्प्रचार कशाबद्दल बोलतो आहे हे सांगायला कुणी नसेल, आणि तुकोबांच्या किड्यालाही टीप लागेल.

प्रश्न विचारणारे ते गृहस्थ आता नाहीत. त्यांना उत्तर द्यायचे राहून गेले. दिवाळीच्या तोंडावर पुलावरून जाताना मी सवयीने थांबलो. जुन्या मोरीच्या दगडी भिंतीत, बहुधा एखाद्या पाखराच्या विष्ठेतून आलेले, वीतभर उंचीचे उंबराचे रोप उगवलेले दिसले. तिथे ते टिकेल की नाही, सांगता येत नाही. टिकले तर त्याला फळे यायला काही वर्षे लागतील, आणि कुठल्या तरी दूरच्या उंबरातून निघालेले एखादे केंबर वाऱ्यावर तिथवर येईल. मी नोंदवहीचे नवे पान काढून तारीख टाकली आहे.